न प्यालेली दारू

"बसा मागं, नामाभाव. कुठं निघालाव?"

स्वप्निलची मोटरसायकल अगदी अंगाला खेटून थांबली. नामाने हातातला पिठाचा डबा थोडा वर केला, जणू आता डबाच काय ते उत्तर देईल.

"गिरणीत."

"गिरणी तर मागं ऱ्हायली की!"

"बोर्लीच्या गिरणीत जातोय. हितली जाड दळते."

"मंग तर बसाच. येवढं लांब चालत जाल व्हय? मी काय परका हाय?"

परका नसणं हीच तर पंचाईत होती. नामा बसला. मागचं चाक दबलं, गाडी हिसका देऊन पुढे गेली आणि पहिल्याच खड्ड्यात खालून काहीतरी घासल्याचा आवाज आला. "टायरात हवा कमी हाय," स्वप्निल मोठ्या मनाने म्हणाला. हवा कमी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोर्ली पंचतनचा बाजार येईपर्यंत नामा डबा पोटाशी धरून बसला. उतरताना डब्याचं झाकण निसटलं आणि आत काहीच नाही हे स्वप्निलने पाहिलं. पण पोरगा भला, काही बोलला नाही. नामाला मात्र वाटलं, हसला असता तर बरं झालं असतं.

शहरात एखादा माणूस बिनकामाचा भराभरा चालताना दिसला तर तो प्रकृतीला जपतो असं म्हणतात. नामाच्या वाडीत असा माणूस दिसला तर एकतर त्याला बायकोने हाकललेलं असतं, नाहीतर त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. म्हणून नामा काहीतरी हातात घेऊन निघायचा. कधी छत्री, कधी कोयता, कधी हा डबा. आणि मग वाडीचं प्रेम आडवं यायचं. गाडीवाला थांबवून गाडीवर घ्यायचा. गाडी नसलेला अंगणातून हाक मारायचा, "नामाभाव, तसंच जाऊ नका, चा घेऊन जा." चहाबरोबर पोहे यायचे, पोह्यांवर खोबरं यायचं, आणि "नको" म्हणावं तर "आमच्याकडचं चालत न्हाय व्हय?" हा प्रश्न यायचा. चालून जेवढं उतरायचं त्याच्या दुप्पट वाटेत चढायचं.

नामाची नोकरी दिघी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर. भरलेला ट्रक काट्यावर यायचा, नामा काचेआडून आकडा बघायचा आणि पावती द्यायचा. दिवसभर दुसऱ्याचं वजन मोजणाऱ्या या माणसाने स्वतःचं वजन कित्येक वर्षांत केलं नव्हतं. एखाद्या ड्रायव्हरचा माल जास्त भरला की तो हमखास ओरडायचा, "नामाभाऊ, तुम्ही काट्यावर उभे हाय काय? जरा उतरा खाली!" सगळे हसायचे. नामाही हसायचा, सगळ्यांत मोठ्याने. जाड माणसाला ही विद्या लवकर येते. आपल्यावरच्या विनोदाला आपणच पहिलं हसायचं, म्हणजे दुसऱ्याचं हसू कमी लागतं. रात्री अंगातला शर्ट काढताना मात्र तो नूतनकडे, म्हणजे बायकोकडे, पाठ करायचा.

मग उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. जिना चढला की धाप लागायची, दुपारी खुर्चीतच डोळे मिटायचे. नूतनने ओढून बोर्लीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी करायला लावली, आणि कागद बघत विचारलं, "किती घेता?"

"काय?"

"दारू."

नामाचे कान तापले. "न्हाय घेत मी."

"सगळे असंच सांगतात."

"डाक्टरीणबाई," नूतन मध्येच म्हणाली, "ह्यांनी कंदी बाटलीला हात लावला न्हाय. पायजे तर देवळात शपथ घेते."

बाईंनी रक्ताच्या तपासण्या केल्या, आणखी चार प्रश्न विचारले आणि त्यांना पटलं. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. दारू न पिणाऱ्याच्याही लिव्हरला चरबी चढते. खाणं जास्त, हालचाल कमी, वजन भलतंच. साखर, तळलेलं, भाताचे डोंगर. आत्ता सावरलं तर लिव्हर सुधारतं, त्याच्याइतका सोशिक अवयव नाही. उपाशी राहायचं नाही, जाहिरातीतला काढा प्यायचा नाही. वजनाचा दहावा हिस्सा हळूहळू उतरवायचा. रोज दम लागेल असं चालायचं. भात निम्मा, भाजी-डाळ दुप्पट, मासा खा पण कालवणातला, चहात साखर नको, गोड तर नकोच. "आणि बूट घ्या चांगले," त्या म्हणाल्या.

नामाने श्रीवर्धनहून पांढरे बूट आणले. दुसऱ्या दिवशी पहाटे घातले, पण नाड्या बांधायला वाकला तर पोट मध्ये आलं आणि हात बुटापर्यंत पोचेचनात. नूतनने खाली बसून नाड्या बांधल्या. लहान पोराच्या बांधतात तशा. नामाला इतकी लाज वाटली की तो तसाच खाटेवर बसून राहिला, आणि ती पाणी भरायला गेल्यावर त्याने पायानेच बूट ओरबाडून काढले. तेव्हापासून बूट खोक्यात, खोकं खाटेखाली आणि नामा जुन्या वहाणा घालून हातात डबा घेऊन रस्त्यावर.

आईला, सोनाबाईला, यातलं काहीच सांगितलं नव्हतं. न सांगण्याला कारण होतं.

नामाचा बाप बुधाजी दारूत गेला. डोळे हळदीसारखे पिवळे, हातपाय काटक्या आणि पोट पाण्याने टम्म. नामा तेव्हा शाळेत होता. बाप बाटली लपवायचा ती गोठ्यात, वाशाच्या वरच्या फटीत, कौलाखाली. ती जागा नामाला माहीत होती. आई सांगायची आणि तो खांबावर चढून बाटली काढायचा, शेणाच्या खड्ड्यात ओतायचा. बाप गेल्यावर सोनाबाईने पोराला जवळ घेऊन रडण्यात वेळ घालवला नाही. तिने एक रीत पाडली. संध्याकाळी नामा घरी आला की पायरीवर बसायचं, तोंड उघडायचं. ती हुंगायची. वास नसला की पत्र्याच्या डब्यातून तांदळाच्या पिठाचा, गुळाखोबऱ्याचा, तुपात भिजलेला लाडू. पुढे नामाचं लग्न झालं आणि हुंगणं थांबलं, पण लाडू चालू राहिला. ताटात वाढताना "आजून येक" चालू राहिलं. लग्नाकार्यात कुणी नामाला ग्लास पुढे केला की दुसरा कुणीतरी म्हणायचा, "त्याला नको. बुधाजीचा पोर हाय, पन थेंबाला शिवला न्हाय." नामाच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं. ना शिक्षण, ना जमीनजुमला, ना रूप. पण हे होतं.

दुसऱ्यांदा दाखवायला गेला तेव्हा त्याचं वजन कमी व्हायचं तर वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. दवाखान्यात तपासायची जागा आणि बसायचं बाकडं यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता, आणि बाकड्यावर गुडघा घेऊन वाडीतली नीराबाई बसली होती.

"लिव्हर आहे ते, लिव्हर! असंच चालू ठेवलंत तर उद्या पोटात पाणी होईल. मग माझ्याकडे येऊ नका."

नीराबाईला आधीचं ऐकू आलं नाही आणि नंतरचं ऐकायची गरज उरली नाही. लिव्हर आणि पोटात पाणी. वाडीत या दोन गोष्टींचा एकच अर्थ होता, आणि तो सगळ्यांनी बुधाजीच्या तिरडीमागून चालताना पाठ केला होता.

नामा दवाखान्यातून परस्पर काट्यावर गेला. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या आधी बातमी येऊन बसली होती. सोनाबाई पडवीत भिंतीला टेकून होती. दिवा लावलेला नव्हता.

"ये. हितं बस," ती म्हणाली. "खाली."

नामा पायरीवर बसला.

"तोंड उघड."

"आये, काय गं ह्ये..."

"उघड म्हनते ना."

किती वर्षांनी त्याने आईपुढे तोंड उघडलं. कानशिलावरचे केस पिकलेला, संसारी माणूस. सोनाबाईने डोळे मिटून हुंगलं.

"वास न्हाय," ती म्हणाली. "नीरा सांगं, आता वास न येनारी पन मिळते. पांढरी, पान्यावानी. तीच पितोस?"

"आये, दारू न्हाय गं. लिव्हरला दुसऱ्यानं पन व्हतं. माजं तर खा..."

पण ती ऐकतच नव्हती. ती समोरच्या अंधाराशी बोलत होती.

"तुजा बाप गेला तवा मी येकच ठरवलं. ह्या पोराला भुकेला ठेवायचा न्हाय. भुकेलं पोट गुत्त्याकडं वळतं. मी मीठभाकर खाल्ली, तुला तूप घातलं. बाया म्हनायच्या, सोने, पोराला रेड्यावानी वाढवतेस. मी म्हनायची, रेडा ऱ्हाव दे, बेवडा नको." तिचा आवाज फाटला. "जल्मात येवढंच तर केलं रं मी. त्ये पन फुकट गेलं?"

'खाण्यानं झालंय' हे शब्द नामाच्या ओठांवर होते. दोनच शब्द. पण ते उच्चारायचे म्हणजे या म्हातारीला सांगायचं, की तू नवऱ्याला ज्यातून वाचवू शकली नाहीस, त्याच वाटेला पोराला तूच तुपाचा हात लावून ढकललंस. आयुष्यात जिने एकच काम केलं तिला ते कामच चुकलं असं कसं सांगायचं? नामाला ते जमलं नाही. त्याने मान खाली घातली.

"चुकलो, आये," तो म्हणाला.

आत नूतनच्या हातातलं भांडं पडलं.

रात्री ती त्याच्यावर तुटून पडली, आवाज दाबून. "न पिता बेवडं झालाव तुमी! लाज न्हाय वाटत? मी सांगते त्यांना खरं काय त्ये."

"सांगितलंस तर ती चुलीफुडं पुन्यांदा बसायची न्हाय."

"आन् लोकं तुमाला काय म्हनतील?"

"म्हनू दे."

म्हणताना हे सोपं होतं.

वाडीत दारू सोडण्याची एक रीत आहे. तिला नारळ ठेवणं म्हणतात. गावकीसमोर देवीच्या पायरीवर नारळ ठेवायचा, आपल्या तोंडाने कबूल व्हायचं आणि पुढच्या जत्रेपर्यंत रोज पहाटे अनवाणी टेकडीवरच्या देवळात जाऊन यायचं. अशा माणसाला वाटेत कुणी थांबवायचं नाही, गाडीवर घ्यायचं नाही, कारण वाटेतले दोस्तच त्याला पुन्हा बसवतात. त्याला जेवणात आग्रह करायचा नाही, कारण पंगतीच्या मागे बाटली असते. सोनाबाईने हट्टच धरला. नारळ तिनेच आणला, सोलून, शेंडी ठेवून.

त्या दिवशी देऊळ भरलं. गावकीचा म्हातारा दादू पायरीवर बसला होता.

"कंदीपास्नं पितोस?" त्याने रीतीप्रमाणे विचारलं.

नामाने याचा विचारच केला नव्हता. "काट्यावर लागल्यापास्नं."

"कुठली?"

दारूची नावंही त्याला धड येत नव्हती. "पांढरी," तो म्हणाला. माना हलल्या. नीराबाईने "बघा, मी म्हनलं नव्हतं?" अशा नजरेने बायकांकडे पाहिलं.

"कुणासंगं?"

"येकटाच."

"येकटा पिनारा वंगाळ," दादू हळहळला. मागून कुणीतरी म्हणालं, "शेवटी बुधाजीचाच पोर." हळू आवाजात म्हणालं, पण देवळात हळू बोललेलंच नीट ऐकू येतं. नामाला वाटलं, पायाखालची फरशी उचलून आत शिरावं. त्याने वर पाहिलं तर स्वप्निल खांबाआड उभा होता आणि नजर चुकवत होता. त्याला तो रिकामा डबा आठवला असणार, आणि त्या डब्यातून काय यायचं-जायचं याचा हिशेब त्याने आता लावला असणार.

बायकांनी नूतनला मध्ये घेतलं. "येवढी वर्सं सोसलंस, आन् कुनाला बोलली न्हाईस गं बाय!" एरवी तिच्याशी फटकून वागणारी चुलत जाऊसुद्धा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. नूतन रडत होती. ती कशासाठी रडतेय हे त्या गर्दीत एकट्या नामाला ठाऊक होतं, आणि तो तिच्याकडे बघू शकत नव्हता.

आणि मग गंमत अशी झाली, की सगळं सोपं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे नामा अनवाणी निघाला, हातात काही न घेता. समोरून गाडी आली, दिवा मंद झाला, गाडी बाजूने निघून गेली. कुणी हाक मारली नाही. पोह्यांचे वास अंगणाअंगणातून येत राहिले, पण "या" कुणी म्हटलं नाही. टेकडीचा चढ उभा, खडी पायाला बोचायची, अर्ध्या वाटेत छाती भात्यासारखी चालायची. बसला तरी विचारणारं कुणी नव्हतं. घरी भात निम्मा झाला, वाटीभर भाजी वाढली, बांगडा तव्यावरून कालवणात गेला, आणि सोनाबाई "आजून येक" म्हणायची थांबली. सोडलेल्या माणसाला पथ्य असतं, हे तिला मान्य होतं. खऱ्या डॉक्टरला जे जमलं नव्हतं ते खोट्या दारूने करून दाखवलं. प्रकृतीसाठी चालणाऱ्याला वाडी चालू देत नव्हती. पापासाठी चालणाऱ्याला तिने रस्ता मोकळा करून दिला.

किंमत तेवढी रोज मोजावी लागायची. दुकानात गेलं की बोलणं थांबायचं. काट्यावर बदली माणूस उशिरा आला आणि नामालाच थांबावं लागलं तर मालक फोनवर विचारायचा, "शुद्धीत आहेस ना रे?" एका दुपारी एक ट्रकवाला पावती घेऊनही खिडकीपाशी घुटमळला. डोळे लाल, हात थरथरणारे.

"नामाभाऊ, तुम्ही सोडली म्हणे. मलाबी सोडायची हाय. पैल्या दिशी काय केलंत?"

नामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस खऱ्या विहिरीत होता आणि ज्याने कधी पाय ओला केला नाही त्याला पोहायचं कसं ते विचारत होता. पण त्याला रिकामं पाठवणंही बरं नव्हतं.

"सकाळी उठून चाललो," नामा म्हणाला. "दम लागंस्तवर." तेवढं तरी खरं होतं.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. वजन उतरलं होतं, रक्तातले आकडे खाली आले होते. "काय केलंत एवढं?"

"गावासमोर दारू सोडली."

"पण तुम्ही घेत नव्हता ना?"

"न्हाय."

बाईंनी नूतनकडे पाहिलं. नूतन खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी पुढे विचारलं नाही. "चालत राहा," एवढंच म्हणाल्या.

एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे संध्याकाळ. नारळ ठेवल्यापासून सोनाबाईने जुनी रीत पुन्हा सुरू केली होती. नामा घरी आला की पायरीवर बसायचं, तोंड उघडायचं, तिने हुंगायचं. "शाना माजा," ती म्हणायची, आणि पत्र्याचा डबा उघडायची. लाडू पूर्वीपेक्षा मोठे झाले होते, कारण आता ते बक्षीस होतं. पथ्यात बाकी सगळं बसत होतं. हे कसं बसवायचं? वाडीतल्या सगळ्यांना तो नको म्हणू शकत होता, हिला नाही. तो लाडू घ्यायचा, "हातपाय धुऊन खातो" म्हणायचा आणि परसात जायचा.

गोठ्यात आता गुरं नव्हती, सरपण होतं. पहिल्या संध्याकाळी लाडू हातात घेऊन तो तिथे उभा राहिला. फेकायचा? आईच्या हातचं अन्न त्याने जन्मात फेकलं नव्हतं. खिशात ठेवावा तर तेलकट डाग पडेल. त्याचा हात आपोआप वर गेला, वाशाच्या फटीत, कौलाखाली. ठेवला आणि मग त्याला कळलं की आपण कुठे ठेवला. त्याने मागे वळून पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. बाप असाच वळून बघायचा. नामाचं अंग शरमेने थंड पडलं, पण दुसरी जागाही सुचली नाही. पहाटे निघताना तो लाडू काढून न्यायचा आणि टेकडीवर कावळ्यांना घालायचा. संध्याकाळी पुन्हा तिथेच.

मध्ये काट्यावरचा दुसरा माणूस आजारी पडला आणि नामाच्या पाळ्या उलटसुलट झाल्या. टेकडीवर तो जायचाच, पण कधी काट्यावरून परस्पर, कधी उजाडल्यावर सगळी जागी असताना. लाडू काढायला सवड मिळेना. फटीत ते साठत गेले.

एका संध्याकाळी सोनाबाई चुलीसाठी काटक्या आणायला परसात आली आणि तिने पाहिलं. गोठ्याच्या दारात नामा पाठमोरा, टाचा उंचावलेल्या, हात वाशाच्या फटीत. तिने खूप वर्षांपूर्वी बुधाजीची पाठ अशीच पाहिली होती, फक्त ती रोड होती. ती हाक न मारता आत गेली. नामा आंघोळीला बसला तेव्हा ती काठी घेऊन गोठ्यात गेली आणि फटीत काठी फिरवली. काचेच्या आवाजासाठी तिने कान लावले होते. काच वाजली नाही. लाडू पडला. मग दुसरा पडला. मग मुंग्या लागलेले, बुरा आलेले, एकामागून एक.

नूतनने दारातून पाहिलं तेव्हा म्हातारी जमिनीवर बसून ते पदरात गोळा करत होती.

"नूतन," ती म्हणाली, "ह्ये का न्हाय खात तो?"

नूतनने सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. दवाखान्यात काय झालं, 'चुकलो' का म्हणाला, नारळ कशासाठी ठेवला. सोनाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग पदर धरून उठली आणि पायात काही न घालता बाहेर गेली. कुठे गेली ते नूतनने विचारलं नाही. घरी परतली तेव्हा पदर रिकामा होता.

दुसऱ्या संध्याकाळी नामा सवयीने पायरीवर बसला आणि तोंड उघडलं. सोनाबाई जवळ सरकली. पण तिने हुंगलं नाही.

"मीट," ती म्हणाली. "वास न्हाय. कंदीच नव्हता."

नामाने नूतनकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. तेव्हा त्याला समजलं, आणि देवळात वाटली नव्हती एवढी लाज त्याला आता वाटली. सगळ्या गावापुढे तोंड काळं करून जी एक गोष्ट झाकली होती, ती आईच्या मांडीवर उघडी पडली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. "आये, तुजं काय चुकलं न्हाय," असं काहीतरी. पण सोनाबाई उठून आत गेली होती, आणि कोनाड्यात पत्र्याचा डबा पालथा घातलेला होता.

पहाटे तो दार उघडून बाहेर आला तर पायरीवर त्याचे पांढरे बूट ठेवलेले होते. जोडून, पुढची टोकं रस्त्याकडे करून, वरची धूळ पुसून. शेजारी सोनाबाई बसली होती. आईने पोराचे जोडे पायरीवर मांडायचे, हे नामाने कुठल्या घरात पाहिलं नव्हतं.

"घाल," ती म्हणाली.

"अनवानी जायचं असतं, आये. जत्रेपत्तूर."

"त्ये पिनाऱ्यानं." ती त्याच्याकडे बघत नव्हती, बुटांकडे बघत होती. "परवाच दादूकडं गेले व्हते मी. नीरेकडं पन. सांगून आले."

"काय सांगितलंस?"

"काय सांगू? जे हाय त्ये. माजा पोर कंदी प्यायला न्हाय. मी भरवला त्याला." ती थोडी थांबली. "नीरा हसली. हसू दे."

तो खाली बसला आणि बुटात पाय घातले. सोनाबाई पुढे सरकली, आणि तिच्या वाकड्या झालेल्या बोटांनी एका बुटाची नाडी पकडली.

"न्हाय आये, सोड," त्याने तिचे हात अलगद बाजूला केले. मग तो वाकला. पोट अजून मध्ये येत होतं, श्वास अडकत होता. त्याने एक नाडी बांधली, मग दुसरी.

"पोचतो आता हात," तो म्हणाला.

सोनाबाईने मान हलवली आणि त्याला जायला वाट करून दिली.